गुलशन नको

फुलचूरच्या केवलराम पटलेला घरात एकच काम होतं, पण ते असं होतं की त्याच्यावाचून स्वयंपाक अडायचा. कोहळ्यावर पहिला घाव घालायचा. पुण्यामुंबईकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात तेच आमचं कोहळं. अख्खं कोहळं बाईनं चिरायचं नाही, पहिला घाव पुरुषाचा, मग पुढच्या फोडी बाईनं खुशाल कराव्यात, असा आमच्याकडे रिवाज आहे. का म्हणून विचाराल तर दहा घरी दहा कारणं ऐकायला मिळतील. कोणी सांगेल, कोहळं म्हणजे घरातला थोरला लेक, आईनं त्याच्यावर सुरी कशी चालवावी? बापानं चालवलेली कशी चालते, हे मात्र कोणी सांगत नाही.

केवलराम हे काम साग्रसंगीत करी. आधी हातपाय धुई, कोहळं पाटावर ठेवी, उजव्या कानाशी नेऊन टिचकी मारून बघे, तीनदा फिरवी आणि मग "हं, सरका" म्हणे. सरकायला स्वयंपाकघरात त्याची बायको धनवंता सोडून कोणी नसे. ती सरकल्यासारखं करी. एक घाव पडला की केवलराम सुरी खाली ठेवून घरापुढच्या ओट्यावर जाऊन बसे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "आज केकची मोठी ऑर्डर आहे, सकाळपासून लागून आहो."

केकचा कारभार सगळा धनवंताचा. ती स्कूटर चालवी, सिलेंडर आणी, वीज ऑफिसात जाऊन भांडून येई. मुलगी टीना नोकरीसाठी नागपूरला गेली तेव्हा तिचा छोटा ओव्हन घरी राहिला होता. त्याच सुमारास केवलरामला साखरेचा आजार निघाला आणि डॉक्टरांनी त्याची जीव की प्राण असलेली कोहळ्याची बोंडं बंद केली. गुळात मळून तेलात तळलेलं काही खायचं नाही म्हटल्यावर हा माणूस दोन दिवस तोंड पाडून बसला. धनवंतानं कोहळं वाफवलं, त्याचा गर फडक्यात टांगून पाणी निथळू दिलं, त्यात ज्वारीचं पीठ आणि नावापुरता खजूर घातला आणि ओव्हनमध्ये ठेवून दिलं. जे निघालं त्याला बोंडं म्हणता येईना, म्हणून केक म्हटलं. केवलरामनं ते खाल्लं आणि तोंड वर केलं.

मग काय, गल्लीतल्या सगळ्या आजाऱ्यांना वाट सापडली. कोणाला साखर नको, कोणाला अंडं नको, कोणाचा सोमवार, कोणाला दूध पचत नाही. धनवंता सगळ्यांचं ऐकून घेई आणि प्रत्येकाचं जमवून देई. अंड्याऐवजी जवसाची पूड भिजवून घालायची, ती अंड्यासारखीच चिकट होते, हे तिनं कोणाला न विचारता शोधून काढलं होतं. लोक म्हणत, धनवंताबाईला काय टाकायचं यापेक्षा काय टाकायचं नाही हे जास्त कळतं.

तिच्या या नावलौकिकाला एकच धोका होता. तिचे हात पिठात असले की फोन केवलराम उचलायचा. तो एकतीस वर्षं राईस मिलमध्ये मशीनवर होता आणि मिलनं त्याचा डावा कान कामातून घालवला होता. फोन मात्र तो सवयीनं डाव्याच कानाला लावी.

पौषातल्या एका सकाळी तिरोड्याहून फोन आला. तिथल्या पॉवर प्लांटच्या कॉलनीत राहणाऱ्या भाग्यश्रीबाईंचा. त्यांच्या दामिनीचा वाढदिवस होता, शुक्रवारी सात वर्षं पूर्ण होणार होती. कोहळ्याचा केक हवा होता.

"काका, तिला गहू चालत नाही," बाई म्हणाल्या. "मैदा नाही, रवा नाही. अंडं आम्हीच खात नाही."

"बरं, बरं."

"मुख्य म्हणजे ग्लुटेन नको. अजिबात नको."

गव्हात जो चिकटपणा असतो त्याचं ते इंग्रजी नाव. पण केवलरामच्या डाव्या कानानं ऐकलं, मुख्य म्हणजे गुलशन नको.

केवलराम हबकला. गुलशन म्हणजे गुलशन लिल्हारे. तीन घरं सोडून त्याची पिठाची चक्की. चौथीपासूनचा दोस्त. रोज संध्याकाळी डोक्यापासून पायापर्यंत पांढराफेक होऊन ओट्यावर चहा प्यायला येणारा.

"गुलशन?" त्यानं विचारलं. "काऊन जी? काय झालं?"

"अहो, मागच्या वर्षी केकमध्ये थोडंसं होतं, तर पोरगी चार दिवस पोट धरून पडली. आतड्याला सूज आली."

"गुलशनमुळं?"

"हो ना. नुसता हात लागला तरी तिला त्रास होतो." मग बाईंचा आवाज जरा उतरला. "कोणाच्याही वाढदिवसाला गेली की बाकीची मुलं खातात आणि ही दाराशी उभी राहून बघते, काका. स्वतःच्या वाढदिवसाला तरी पोटभर खाऊ दे तिला."

हे मात्र केवलरामला स्वच्छ ऐकू आलं. त्याला टीना आठवली, सात वर्षांची. तो म्हणाला, "तुमी काळजी नका करू, बाई. गुलशन केकच्या जवळ बी येनार नाही. माझी जबाबदारी."

धनवंतानं विचारलं तेव्हा त्यानं गहू सांगितला, मैदा, रवा, अंडं सांगितलं आणि गुलशन गिळला. सांगणार कसा? दोस्तानं तिरोड्यात जाऊन एका लेकराच्या आतड्याला सूज आणली, हे तोंडातून निघेना. त्यानं आपल्यापरीनं तपास केला. गुलशन मागच्या वर्षी एका लग्नाला तिरोड्याला गेला होता खरा. पण तिथं त्यानं काय केलं असेल? तंबाखूचा हात लावला असेल का कुठे? त्याच्या आवाजाला पोरगी भ्यायली असेल का? आवाज होताच तसा. चक्कीशेजारी आयुष्य काढलेल्या माणसाचं कुजबुजणंसुद्धा चौकात ऐकू जातं.

"चिनोर घेतला धुऊन," धनवंता दुसऱ्या दिवशी म्हणाली. चिनोर हा आमच्याकडचा वासाचा तांदूळ. "वाळला की गुलशनभाऊकडून दळून आना."

आली का पंचाईत. गुलशनला जवळ येऊ द्यायचं नाही म्हणून शब्द दिलेला, आणि पीठ त्याच्याच हातून दळून आणायचं?

"मी जात्यावर दळतो," केवलराम म्हणाला.

धनवंतानं हातातलं काम थांबवलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. या माणसानं पाण्याचा पेला कधी आपल्या हातानं भरून घेतला नव्हता. "तब्येत बरी आहे ना जी?" तिनं विचारलं.

"जात्यावरच्या पिठाले चव राहते. मोबाइलवर आलं होतं."

जिन्याखाली जातं पडून होतं. वर्षातून एकदा उडदाची डाळ भरडण्यापलीकडे त्याला काम नव्हतं. धनवंतानं ते तीन पाण्यांनी धुऊन, वाळवून अंगणात मांडून दिलं. केवलराम पाय पसरून बसला आणि घरघर सुरू झाली. गल्लीतल्या बाया बघायला जमल्या. एकीनं विचारलं, "भाऊ, ओव्या बी म्हना ना." केवलराम घामाघूम होऊन दळत राहिला. दोन दुपारी त्यानं दळण केलं. धनवंतानं दिलेल्या नव्या चाळणीवर इतका भरडा राहायचा की तेच तांदूळ पुन्हा जात्यात घालावे लागत.

दुसऱ्या दुपारी त्यानं मान वर केली तर फाटकाशी गुलशन उभा होता. पांढऱ्या भुवया, पांढरे कान. त्यानं जात्याकडे पाहिलं. मग केवलरामकडे पाहिलं. तीन घरांवर दोस्ताची चक्की असताना माणूस जात्यावर दळतो आहे, याचा अर्थ काय होतो ते गल्लीतल्या बारक्या पोरालाही कळलं असतं. गुलशन आल्या पावली परत गेला.

त्या संध्याकाळी तो चहाला आला नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. केवलराम ओट्यावर एकटा बसून होता. चहा समोर निवला. धनवंता दोनदा बाहेर डोकावून गेली. तिनं विचारलं, "भांडन झालं का?" तो म्हणाला, "नाही." खरंच झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं.

शुक्रवार उजाडला. संध्याकाळी पाचच्या आत केक तिरोड्याला पोचवायचा होता. कामठ्याहून धनवंताच्या भावानं, कवडूनं, मांडवावरचं चांगलं सात किलोचं कोहळं पाठवलं होतं. ते पाटावर ठेवलं, सुरी ठेवली आणि धनवंतानं हाक मारली, "या जी, घाव घाला."

केवलराम आला खरा, पण त्याचा उजवा हात छातीच्या वर जाईना. दोन दिवसांच्या दळणानं खांदा धरला होता. डाव्या हातानं घाव घालायची रीत नाही. तो म्हणाला, "आज तूच काप ना. कोन पाहून राहिलं?"

"मले काय कापता येत नाही का?" धनवंता म्हणाली. "मी तर एका घावात दोन फाका करीन. पन मग तुमी या घरात काय कराल?" केवलरामनं खाली पाहिलं. तशी ती जरा नरमली. "आनि लेकराच्या वाढदिवसाचं आहे. आज रिवाज नाही मोडत मी. शेजारचे यादोरावभाऊ पोरीकडे गेले, बाकीचे कामावर. जा, गुलशनभाऊले बोलवा."

"गुलशन नाही चालत."

"काऊन?"

"त्या बाईनंच सांगतलं. गुलशन नको म्हने. अजिबात नको. त्याच्यानं पोरीच्या आतड्याले सूज येते."

धनवंतानं ओले हात पदराला पुसले, फोन घेतला, भाग्यश्रीबाईंना लावला आणि केवलरामला ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला.

"बाई, आमच्या यांले काय सांगतलं होतं तुमी? काय नको म्हनून?"

"ग्लुटेन, काकू. ग्लु-टे-न. गव्हात असतं ते."

धनवंतानं नवऱ्याकडे बघितलं. तिच्या ओठांचे कोपरे हलायला लागले होते. तेवढ्यात बाईंनी पुढे विचारलं, "काकू, तांदळाचं पीठ चक्कीवर नाही ना दळलं? माझं सांगायचंच राहिलं बघा. चक्कीत आधीचं गव्हाचं पीठ असतं, तेवढंसुद्धा तिला सोसत नाही. मागच्या वर्षी तेच झालं होतं. बेकरीवाल्यानं तांदळाचाच केक केला होता, पण पीठ चक्कीवरचं."

धनवंताचं हसू तिथंच थांबलं. चक्कीवरून आणा म्हणून तिनंच सांगितलं होतं. काय टाकायचं नाही हे जिला सगळ्यात जास्त कळतं, तिच्याच हातून आज ते लेकरू पुन्हा पोट धरून पडलं असतं.

"नाही बाई," ती हळूच म्हणाली. "आमच्या यांनी जात्यावर दळलं. स्वतः." फोन ठेवला आणि केवलरामला म्हणाली, "तुमच्या त्या कानाले कधी काही म्हननार नाही मी आता." तिनं हा शब्द रविवारपर्यंत पाळला.

केवलराम चक्कीवर गेला तेव्हा मशीन जोरात चालू होती आणि तीन बाया डबे घेऊन उभ्या होत्या.

"का बे," गुलशननं मान न वळवता विचारलं, "जातं बिघडलं का?"

"गुलशन नको म्हटलं होतं तिनं," केवलराम मशीनच्या वरताण ओरडला.

"कोनं?"

"तिरोड्याच्या बाईनं. केकमदी गुलशन नको म्हने."

"मी काय केलं तिचं?" गुलशन आता वळला. "मी तर ओळखत बी नाही तिले."

"तू नाही बे. ते दुसरं आहे. ग्लुटन. गव्हात राहते."

"मग तिनं माझं नाव कायले घेतलं?"

"तिनं नाही घेतलं. माझ्या कानानं घेतलं."

हे कळायला गुलशनला थोडा वेळ लागला. कळलं तसा तो इतका हसला की अंगावरचं पीठ झडून बायांच्या डब्यांवर पडलं. बायाही हसायला लागल्या. केवलरामला वाटलं, सुटलो. पण अर्धी गोष्ट सांगून दोस्तापुढून जाणं त्याला बरं वाटेना. म्हणून त्यानं उरलेलीही सांगितली, की पीठ इथून नेलं असतं तर चाललंच नसतं, गव्हाची चिमूट गेली तरी ते लेकरू चार दिवस उठत नाही.

गुलशनचं हसणं थांबलं.

"मांगच्या वर्षी कोनाच्या चक्कीचं होतं?"

"तिरोड्यातलीच कोनाची तरी असन. तुझी नव्हती."

"नक्की?"

"नक्की, बे."

गुलशननं हात लांब करून मोटर बंद केली. दळण अर्ध्यावर टाकून मशीन बंद केलेली त्या बायांनी कधी बघितली नव्हती. त्या ओरडायला लागल्या, पण त्याचं लक्ष नव्हतं. तो आपल्या दोन्ही हातांकडे बघत होता. आयुष्यभर ज्याच्यावर पोट भरलं ते पीठ कोणाला बाधत असेल, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं, आणि आता ते त्याला फार लागलं.

"कोहळं कापाले मानूस पाहिजे," केवलराम म्हणाला. "माझा हात उठून नाही राहिला."

"असाच येऊ का?" गुलशननं विचारलं. खाली वाकून त्यानं डोकं झाडलं, तर जमिनीवर पांढरा थर पडला. "थांब. आंघोळ करतो."

पौषातली थंडी, आणि हा माणूस केवलरामच्या मागच्या अंगणात बोअरच्या गार पाण्यानं न्हायला बसला. एक बादली झाली, दुसरी झाली. धनवंतानं शिकेकाई दिली. त्यानं कान धुतले, भुवया धुतल्या, नखं ब्रशनं घासली. तिसऱ्या बादलीला त्याचे दात वाजायला लागले. केवलरामचा धुतलेला सदरा आणि पायजमा घालून तो स्वयंपाकघराच्या दाराशी आला तेव्हा धनवंता म्हणाली, "कोन पाहिजे जी?" कारण गुलशनचे केस चक्क काळे होते. इतकी वर्षं सगळे त्याला म्हातारा समजत होते.

त्यानं टिचकी मारली नाही, फिरवलं नाही. डोळे मिटून एकच घाव घातला आणि हात मागे बांधून अंगणात जाऊन उभा राहिला. "इतकं बी दूर नको जाऊ," केवलराम म्हणाला. पण तो काही आत आला नाही.

पुढचं सगळं धनवंतानं केलं. नवी चाळणी, नवा डबा, ओव्हन आतून दोनदा पुसलेला. निथळलेला गर, गूळ, दही, जवस, आणि केवलरामच्या खांद्याच्या जिवावर झालेलं ते पीठ. केक फुगला, मधोमध थोडा फाटला. त्या भेगेवर तिनं खोबऱ्याचा कीस भुरभुरला. खोक्यावर स्केचपेननं लिहिलं, 'यात गहू नाही, मैदा नाही, अंडं नाही.' गुलशन लांबूनच वाचत होता. म्हणाला, "भाभी, खाली आनखी एक लिहा. गुलशन बी नाही." तिनं लिहिलं.

केवलरामचा हात गाडी चालवण्याजोगा नव्हता आणि धनवंताच्या ओव्हनमध्ये दुसरी ऑर्डर लागलेली. म्हणून स्कूटर गुलशननं काढली आणि केवलराम खोकं मांडीवर धरून मागे बसला. तिरोड्यापर्यंत दोघं ओरडून ओरडून बोलत गेले. दोन दिवसांचं बोलणं साचलं होतं.

कॉलनीत पोचले तर पोरांचा गलका सुरू झालेला. केवलराम खोकं घेऊन आत गेला. गुलशन फाटकाशीच थांबला.

"चाल ना बे."

"तू जा. कानात कुठं राहिलं असन तर?"

आत केक कापला गेला. पहिला तुकडा दामिनीनं स्वतः खाल्ला. मग दुसरा खाल्ला. तिची आई तोंडाकडे बघत बसली होती, तिनं तिसरा देताना डोळे पुसले. केवलरामलाही बशी मिळाली होती, पण साखरेच्या आजाराचं निमित्त करून त्यानं ती तशीच ठेवली. त्याची नजर सारखी फाटकाकडे जात होती.

पोरीनं ती नजर कुठे जाते ते बघितलं. फाटकाशी एक आजोबा हात मागे बांधून उभे होते आणि आत बघत होते. तसं उभं राहणं तिला चांगलं ओळखीचं होतं. कोणाला न विचारता तिनं बशीत केकचा एक मोठा तुकडा घेतला आणि चालत फाटकाशी गेली. केवलराम घाईघाईनं तिच्या मागे गेला.

"आजोबा," दामिनीनं विचारलं, "तुम्हाला पण गहू चालत नाही का?"

गुलशननं केवलरामकडे बघितलं. मग तो तिच्यापुढे उकिडवा बसला.

"नाही चालत, बेटा," चक्कीवाला गुलशन म्हणाला.

"मग हा खा. यात काहीच नाही, खोक्यावर लिहिलंय." तिनं बशी पुढे केली. त्यानं तुकडा उचलून तोंडात घालेपर्यंत ती तिथंच उभी राहून बघत होती, आई तिच्याकडे बघते तशी. "तुमचं पण पोट दुखतं?"

गुलशननं तोंडातलं कोहळं गिळलं.

"दोन दिवस दुखून राहिलं होतं," तो म्हणाला. "आता नाही दुखत."